तक्ता जाऊ दे

“सुटलात मास्तर!” असं म्हणून रावजी कारकुनानं जो कागद हातात ठेवला तो रेवणसिद्धानं दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ एकच निघाला. सरकारी ग्रँट घेणाऱ्या खाजगी संस्थांनी, म्हणजे शाळांनी, बोर्डिंगांनी, अनाथालयांनी, दरमहा पाठवायचे सगळे तक्ते पुढच्या महिन्यापासून बंद. तिमाही बंद. हजेरीचा, जेवणखाण्याचा, जातवार, तालुकेवार, वयवार, देवी टोचल्याचा, दिव्याच्या तेलाचा, सगळे बंद. यापुढे सहामाहीला एकच कागद, आणि तोही छापील, कचेरीनंच पुरवायचा. खर्चकपातीचं वर्ष होतं. तक्ते आले की ते फोडायला, नोंदवायला आणि दोऱ्यानं बांधून फळीवर चढवायला माणसं लागायची, आणि सरकारला माणसंच कमी करायची होती. “वाचत कोण होतं म्हणा ते!” रावजी इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, आणि आपण फार मोठं गुपित फोडलं अशा समाधानानं त्यानं सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. रावजी मनाचा वाईट नव्हता. बारा-तेरा वर्षं तो रेवणसिद्धाच्या बोर्डिंगच्या तक्त्यांतल्या चुका काढत आला होता, आणि त्यामुळे मास्तरांबद्दल त्याला एक प्रकारचा लळा लागला होता. “आता बाईंना घेऊन जरा बाहेर पडा,” तो म्हणाला. “तळ्यावर जा, देवळात बसा. एवढी वर्षं कागदात तोंड घालून होता, आता बायकोचं तोंड बघा.” कचेरीतली दोनचार माणसं हसली. रेवणसिद्धही हसला. हसता हसताच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

बाहेर उन्हं तिरपी झाली होती. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि पाळी सुटलेली माणसं अंगावर कापसाचे तंतू घेऊन रस्ताभर पसरली होती. तेलुगूत, मराठीत, कानडीत बडबडत आपापल्या घराकडं निघाली होती. त्यांच्यातून चालताना रेवणसिद्धानं स्वतःला बजावलं की आपण आनंदात आहोत. असायलाच हवं होतं. या तक्त्यांना शिव्या देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. चाळीस पोरांचं बोर्डिंग. मंगळवेढ्याकडची, माढ्याची, माळशिरसाची, अक्कलकोट बाजूची शेतकऱ्यांची पोरं. त्यांना शिकवावं, त्यांच्यात बसावं, संध्याकाळी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून तो तरुणपणी या कामात पडला. आणि पोरं राहिली बाजूला; एकच पोरगा शिक्षण खात्याला तालुक्यानं हवा होता, कलेक्टर कचेरीला जातीनं, मुनिसिपालिटीला वयानं, आणि कुणा एका अधिकाऱ्याला दंडावरच्या टोचल्याच्या खुणांनी. तेच पोरगं चार ठिकाणी चार तऱ्हेनं मांडायचं आणि चारही बेरजा जुळवायच्या. एक जुळली नाही की ग्रँट अडायची. ग्रँट अडली की पोरं उपाशी. म्हणजे पोरं जेवायला हवीत तर पोरांकडं बघायचं नाही, असा तो उफराटा कारभार होता. तो आज संपला. मग पाय असे जड का पडताहेत, हे रेवणसिद्धाला कळेना. खरं म्हणजे कळत होतं. ते मनाशी धरायची त्याची तयारी नव्हती.

तक्ते असायचे, म्हणून कमलम्मा संध्याकाळी त्याच्याजवळ बसायची. एवढंच होतं ते. लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं आणि त्याला बायकांशी बोलणं कुठल्याच भाषेत येत नव्हतं. पहिल्याच महिन्यात कचेरीतले कोरे नमुने संपले आणि हुकूम आला की तक्ते हातानं आखून पाठवा, तीन प्रतींत. रेवणसिद्धाचं अक्षर मोत्यासारखं, पण रेघ मारायला घेतली की टाक अडखळायचा, रूळ सरकायचा आणि शाईचा ओघळ सगळ्या कागदावर जायचा. तिसरा कागद फुकट गेला तेव्हा चुलीपाशी बसलेली कमलम्मा उठून आली, पदराला हात पुसले, आणि तिनं त्याच्या हातातून रूळ घेतला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. पण तिनं लाकडी रूळ तळहाताखाली असा फिरवला आणि टाक असा ओढला की उभ्या रेघांच्या जागी उभ्या रेघा, आडव्यांच्या जागी आडव्या, कुठं थेंब नाही की केस नाही. त्या दिवसापासून आखायचं काम तिचं आणि भरायचं त्याचं. पोरांची जेवणं आटोपली की कंदिलाशी दोघं बसत. रेघ ओढून झाली की ती रकान्यावर बोट ठेवून विचारी, “हितं काय येतंय?” आणि तो सांगे. या रकान्यात नवीन आलेली पोरं. या रकान्यात गेलेली. यात आजारी, यात गैरहजर, यात गैरहजेरीचं कारण. असं सांगता सांगता पोरांची नावं निघत, गावं निघत, कुणाचा बाप कसा आहे ते निघे. ती मान हलवी. नवराबायकोचं जे काही बोलणं या घरात झालं, ते असं रकान्यांच्या वाटेनं झालं. रकाना संपला की बोलणं संपलं.

पहिल्या वर्षी तिनं रकान्याबाहेरचं बोलून बघितलं होतं, हे त्याला आठवत होतं. फार नीट आठवत होतं. एकदा ती म्हणाली, “माज्या मनात एक हाय, सांगू का?” तो बेरीज करत होता. म्हणाला, “तक्ता जाऊ दे, मग सांग.” तक्ता गेला, पण दुसरा आला. पुन्हा एकदा तिनं माहेरची काही गोष्ट काढली तेव्हाही तो तेच म्हणाला. मग ते त्याच्या तोंडात बसलंच. घरावरचं छप्पर गळतंय, तक्ता जाऊ दे. तिला गड्ड्याची जत्रा बघायची होती, तक्ता जाऊ दे. मूल होत नव्हतं, दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली आहे असं कुणी सांगितलं होतं, तेही तिनं अर्धवट बोलून बघितलं. तेव्हा तर तो नुसताच हात वर करून ‘थांब’ अशी खूण करून राहिला, कारण तोंडात आकडे होते. पुढं तिनं विचारणं सोडलं आणि त्याला ते बरं वाटलं. माणूस किती सहज हलकट होऊ शकतो, आणि वर त्याला कामसूपणा म्हणतात! पण मनाच्या तळाशी त्यानं एक ठेव ठेवली होती. कधीतरी हे ओझं उतरेल. मग कमलम्मेला समोर बसवायचं आणि म्हणायचं, हं, सांग आता, काय होतं तुझ्या मनात ते. त्या ठेवीच्या भरवशावर तो इतकी वर्षं निवांत होता.

आणि आता बाळीवेशीपाशी येता येता त्याला दिसलं की ओझं उतरलं, तर कमलम्मेला त्याच्यासमोर बसायला काही कारणच उरत नाही. ती आपली चुलीपाशी बसेल, किंवा मल्लव्वाशी, म्हणजे बोर्डिंगच्या स्वयंपाकिणीशी, कानडीत बोलत ओट्यावर बसेल. तिथं ती किती बोलते! आतून ऐकू येत असे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्शल लॉच्या दिवसांतली एक दुपार त्याला एकाएकी आठवली. रस्ते ओस, घोड्यांच्या टापा, खिडक्या लावून घेतलेल्या. पोरं बापांनी येऊन गावी नेलेली, मागं कुणी राहिलं नव्हतं, तरी तक्ता चुकत नव्हता. गैरहजेरीच्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून कमलम्मेनं विचारलं, “हितं काय लिवनार? सरकारला भ्याली म्हनून पळाली?” तो म्हणाला, “रजा.” यावर ती हसली होती. खळखळून, टाक हातात धरून. तिचं हसू म्हणून त्याच्याजवळ एवढं एकच होतं, आणि तेही गैरहजेरीच्या रकान्यातलं.

दारात ती होती. तांब्या पुढं करत तिनं विचारलं, “काय म्हनत्यात कचेरीत?” खिशात तो कागद होता. काढून सांगायचं होतं, बस्स. रेवणसिद्धानं पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली, आणि त्याच्या तोंडातून आलं, “काय नाही. पुढच्या महिन्याचा तक्ता लवकर मागितलाय.” “मग बसू या की जेवनं झाल्यावर,” ती म्हणाली आणि आत गेली. इतकं सोपं होतं ते. खोटं बोलण्यासाठी काही ठरवावं लागत नाही, हे त्याला या वयात कळलं.

त्यानंतरचे दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, हे सांगायला हवं. नको असलेले तक्ते तो भरत होता आणि ट्रंकेत टाकत होता. आता मुदत नव्हती, बेरीज चुकली तरी कुणी अडवणार नव्हतं, आणि त्यामुळे त्याचं डोकं मोकळं होतं. तिच्या हाताकडं तो पहिल्यांदा बघत होता. अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण होता. तो कधीचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. बोलणं लांबावं म्हणून तो नवे रकाने काढू लागला. “सरकारनं यंदा वाढवलेत,” तो म्हणे. पोराला कुठली भाजी आवडते. पोरगं झोपेत बोलतं काय. “माढ्याचा कोंडीबा बोलतो की,” ती म्हणाली, “मल्लव्वा सांगत होती.” एका संध्याकाळी त्यानं एक रकाना काढला: घरची आठवण येते काय. कमलम्मेनं रेघ ओढता ओढता टाक उचलला. “ह्ये सरकारला कशाला?”

“सरकारचं काय सांगावं.”

“आनि येत असली तर सरकार काय करनार?”

त्यानं कंदिलाची वात सारखी केली. ती रेघेकडं बघत म्हणाली, “मला येती.” बाहेर पोरं दंगा करत होती. हेच ते, असं रेवणसिद्धाला वाटलं. हीच ती वेळ, इतक्या वर्षांची. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तो म्हणाला, “किती?” म्हणाला आणि शरमेनं त्याचे कान तापले. कमलम्मेनं त्याच्याकडं बघितलं, रागानं नाही, नवलानंही नाही, आणि पुढची रेघ ओढली. तरी त्या दिवशी तो आनंदात झोपला. ती ‘मला येती’ म्हणाली होती. आणखी दोनचार महिने असे गेले तर आपण शिकू, असं त्याला वाटत होतं.

आषाढात तिचा धाकटा भाऊ नागप्पा आला. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाहून, पायांना चिखल, दाढी वाढलेली. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागं तीन पोरं, धाकटी तर महिन्याचीही नव्हती, शेजारीपाजारी पाळीपाळीनं सांभाळत होते. तो भिंतीला टेकून बसला आणि पाणीही न पिता म्हणाला, “अक्का, चल. धा-पंदरा दिस न्हाय, जरा जास्तच लागतील. ल्हान पोर हाय गं. तुज्यासारखी दुसरी कोन हाय मला?” कमलम्मा रडली, मग डोळे पुसून तिनं नवऱ्याकडं बघितलं. रेवणसिद्ध उभा होता. तिच्या त्या बघण्यात प्रश्न होता हे त्याला कळलं. जा म्हणायचं होतं, किंवा नको जाऊ म्हणायचं होतं. दोन्हींतलं काही म्हटलं असतं तरी तो माणसांत जमा झाला असता. त्यानं तांब्या नागप्पापुढं सरकवला. तेव्हा तीच भावाला म्हणाली, “तक्ता हाय रे. ह्यांच्या एकट्याच्यानं व्हत न्हाय, आनि ग्रँट अडली की पोरं उपाशी मरतील. तक्ता जाऊ दे, मग येते.”

स्वतःचेच शब्द तिच्या तोंडून ऐकताना त्याला काय वाटावं? त्याला गोड वाटलं. ती थांबतेय, असं त्याला वाटलं. आपल्यासाठी थांबतेय. नागप्पा हात जोडून म्हणाला, “दाजी, सरकारला कळवा की. म्हनावं घरात अडचन हाय, एक डाव माफ करा.” आणि सुपरिंटेंडेंट रेवणसिद्ध, बोर्डिंगच्या पोरांना रोज सकाळी खरं बोलावं म्हणून सांगणारा, शांतपणे म्हणाला, “सरकारला असं कळवता येत नाही, नागप्पा.” नागप्पानं मान डोलावली. सरकारपुढं काही चालत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो एकटाच परत गेला. कमलम्मेनं त्याच्याबरोबर आपल्या जुन्या लुगड्याची दोन बाळोती फाडून, धुऊन दिली.

मग ती घाईघाईनं आखू लागली. तिला तक्ता संपवायचा होता. तिच्या रेघा पहिल्यांदाच कुठंकुठं जाड होत, एखादी कोपऱ्यात निसटे. रेवणसिद्ध ते बघत होता. रोज ठरवत होता की आज सांगायचं. आणि एक तक्ता संपला की त्याच्या तोंडून निघे, आणखी एक आहे. का? पुढं, सगळं होऊन गेल्यावर, त्यानं याचं उत्तर शोधून बघितलं. वाईट हेतू नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्याला तिला तोडायचं नव्हतं. तिची बोटं आणखी थोडे दिवस समोर हवी होती, इतकंच. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटातलं उचलतो तेव्हा तोही वाईट हेतूनं उचलत नाही.

श्रावण संपता संपता गावाकडून एक बाजारकरी आला आणि ओट्यावरच उभ्या उभ्या सांगून गेला की नागप्पाची धाकटी पोर तिच्या आईच्या माहेरच्यांनी नेली. तिकडं बागलकोटाकडं कुठं, लांब. आता ती तिकडंच राहणार. आत्या काही येईना, मग बिनबायकांच्या घरात तान्हं पोर कुणाच्या भरवशावर ठेवायचं, असं ते म्हणाले म्हणे. कमलम्मेनं ऐकलं. त्याला गूळपाणी दिलं. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी आखायला बसली आणि तिनं एकही प्रश्न विचारला नाही. रेवणसिद्धानं रकाने भरले. त्यातला एक मुलांच्या आजारांचा होता. तो कोराच राहिला.

सहामाहीचे छापील कागद कचेरीच्या सिदू शिपायानं आणले ते दुपारी, रेवणसिद्ध शाळेत वर्गावर असताना. पुडकं त्यानं बाईंच्या हातात दिलं. शाळा सुटून तो घरी आला तेव्हा कमलम्मा जमिनीवर बसलेली होती, पुडक्याची दोरी सुटलेली, आणि मांडीवर एक कागद पसरलेला. तिला अक्षर येत नव्हतं. पण रेघ तिला कळत होती. ती छापलेल्या रेघांवरून बोट फिरवत होती.

“रेगा मारूनच आल्यात,” ती म्हणाली. “सिदू म्हनला, आता मारायच्या नसत्यात. म्हनला, उन्हाळा सरता सरता हुकूम आलाय. सगळ्या सोलापुरास्नी ठावं हाय म्हनला.”

रेवणसिद्ध दारातच थांबला.

“नागप्पा आलता, तवा आलावता का हुकूम?”

“होय,” तो म्हणाला.

तिनं कागद उचलून बाजूला ठेवला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला आधार वाटला असता. “मग मी कशासाठी बसले हुते?”

त्याला जे सांगायचं होतं ते फार मोठं होतं आणि त्याला एकही रकाना नव्हता. तरी तो बोलला. “तू जाशील म्हणून,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू थांबलीस ते... माझ्यासाठी थांबलीस.”

“तक्त्यासाठी थांबले की,” ती म्हणाली. “पोरं उपाशी मरतील म्हनून. तुमी कवा थांब म्हटलं व्हतं का? येकदा तरी?” तिनं सुटलेली दोरी बोटाभोवती गुंडाळली. “म्हटलं असतंसा तर थांबले असते का जाऊन आले असते, मलाबी ठावं न्हाय. पर इचारायचं तरी. मला इचारायचं.” मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. “ती पोर मी वाडवली असती वो,” ती म्हणाली. “आता कुटं बागलकोट न् कुटं मी.”

तो तिच्याजवळ जाऊन बसू शकला असता. चार पावलांचं घर ते. पण इतक्या वर्षांत तो तिच्याजवळ बसला होता तो मध्ये कागद ठेवून. नुसतं जाऊन बसायचं कसं, हात कुठं ठेवायचे, याचा त्याला पत्ता नव्हता. तो उभाच राहिला. बाहेर मल्लव्वा भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज येत राहिला.

मग कमलम्मा उठली. फळीवरून तिनं कोरं कार्ड काढलं, दौत काढली, टाक काढला आणि त्याच्यासमोर मांडून ठेवलं. “नागप्पाला कागद लिवा,” ती म्हणाली. “तितले मास्तर वाचून दाखवत्यात त्येला.”

तो बसला. तिच्या वतीनं लिहायचं म्हणजे ‘मी’ असं लिहायचं. चिरंजीव नागप्पास अनेक आशीर्वाद. मी येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं निघते. थोरल्या दोघांना सांग, आत्या येते आहे. ती सांगत होती आणि तो लिहीत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की अक्षर सुरेख येतंय. हात कापत नाही. त्याला स्वतःच्या हाताची किळस आली. “आणखी काय?” त्यानं विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. विचार करून, शब्द निवडून, तिनं सांगितलं, “कायमची येते म्हनून लिवा.”

त्यानं लिहिलं. मी कायमची येत आहे.

“वाचा बघू.”

त्यानं वाचलं, पहिल्यापासून, तिच्या तोंडचा ‘मी’ आपल्या तोंडानं. ती ऐकत होती, आणि शेवटच्या ओळीला तिनं मान हलवली. त्याच वेळी तो कधीच न म्हटलेला शब्द त्याच्या जिभेवर आला. दोनच अक्षरं. ती समोर उभी होती, घाई नव्हती, दार लोटलेलं होतं, कचेरी नव्हती, सरकार नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. रेवणसिद्धानं टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि विचारलं,

“तारीख घालू?”

“घाला की,” कमलम्मा म्हणाली.